स्पीकरवर हैस, जपून बोल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इचलकरंजीहून संध्याकाळी कोल्हापूरला येणारी एसटी, काचा बंद, आत ओल्या छत्र्यांचा वास आणि उभं राहायलासुद्धा जागा नाही. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून ही गाडी म्हणजे जवळजवळ आमचीच झालीय. मी रोजची, तिकडं एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळं कुठल्या थांब्यावर कोण उतरणार हेसुद्धा पाठ. माझ्या पुढच्या सीटवर पन्नाशीच्या एक बाई बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबीर. हातकणंगले सोडलं आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही, तळहातावर आडवा धरला, तोंडासमोर, बशीतल्या चहावर फुंकर मारताना धरतो ना आपण, तसा. आणि स्पीकर सुरू.

"आई, एकटीच हैस न्हवं?"

"व्हय, एकटीच हाय की. बोल."

अख्खी गाडी. पन्नास-साठ माणसं असतील उभी धरून. एकटीच.

मला आधी हसूच आलं, शेजारच्या पोरीनं पण माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. तेवढ्यात तिकडून आवाज आला, अगदी हळू, पण फोन फुल्ल व्हॉल्यूमवर, त्यामुळं तो हळू आवाजसुद्धा मागच्या सीटपर्यंत पोचला. "आई, दोन महिनं झाल्यात. काल टेस्ट केली. ह्यांनाच फक्त सांगितलंय. तू आत्ता कुणाला बोलू नकोस हं, तीन पुरं होऊ देत. मागच्यावेळंसारखं नको व्हायला."

"न्हाई ग बाई. मी कशाला कुणाला सांगतोय."

(बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडं जुन्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याची पाहुणी आली की दोन दिवस दचकत असते.)

हसू कुठल्या कुठं गेलं. गाडीत जी काही कुजबुज चालली होती तीसुद्धा बंद. कंडक्टर मधल्या पट्टीतून वाट काढत आलेला, तो मशीनवर बोट तसंच ठेवून थांबला, मग उगीच मागं वळून "तिकीट राहिलंय काय कुणाचं" म्हणाला. सगळेजण खिडकीबाहेर बघायला लागले, बाहेर दिसत काहीच नव्हतं, काचेवर वाफ धरलेली. त्या पोरीचं बोलणं चाललंच होतं, कसं होतंय, काय खावंसं वाटतंय, भीती वाटतेय, आणि आम्ही सगळे न ऐकल्यासारखं करून एकेक शब्द ऐकत होतो. हेर्ल्याला एक म्हातारी उतरायला उठली. जाता जाता तिनं त्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लेकीला म्हणावं जड काय उचलू नको. आन गाडीवर मागं बसून फिरू नको, रस्त्याची काय दशा झालीया बघतीस न्हवं."

बाई आधी सवयीनं हसल्या, मान हलवली. मग चेहरा उतरला. तोपर्यंत फोन बंद झालेला. त्यांनी तो मांडीवर पालथा ठेवला आणि वर दोन्ही हात ठेवले, तावडे हॉटेल येईपर्यंत उचलले नाहीत.

आता मी काही साधुसंत नाही. स्पीकरवर बोलणाऱ्यांचा मला वर्षानुवर्षं राग आहे आणि तो राग सगळा माझ्या कानांपुरता होता. दिवसभर जीएसटीचे आकडे बघून डोकं उठलेलं असतं आणि पुढच्या सीटवरून कुणाच्या तरी भावजयीनं भांडं कसं आपटलं ते ऐकायचं. सकाळी रंकाळ्यावर चालायला गेलं तर शेजारून जाणारा माणूस प्लॉटचा व्यवहार करत चाललाय, गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलं तर तिथं एकाचा दुबईतला मेहुणा व्हिडिओवर सगळ्यांना रामराम घालतोय, आणि मिसळीच्या रांगेत तर विचारूच नका, रांगेतल्या निम्म्या लोकांना घरून "कट वेगळा पार्सल घे" असं स्पीकरवर सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे आपलं चालायचंच. मुळात कोल्हापूरच मोठ्या आवाजाचं. आमच्या पेठेत माडीवरून एकजण खाली विचारतो "काय आज मटण काय?" आणि उत्तर तिसऱ्याच घरातनं येतं. इथं माणूस हळू बोलायला लागला की लोक म्हणतात, काहीतरी भानगड हाय.

पण मग त्रास नक्की कशाचा होतो? आवाजाचाच म्हणावं तर त्याच गाडीत दोन बायका शेजारी बसून त्याहून जोरात बोलतात, मला झोप लागते. ह्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी २०१० साली एक प्रयोग छापला होता, तो मी कधीतरी वाचलेला. कॉम्प्युटरवर लक्ष देऊन करायचं काम दिलं आणि कानावर बोलणं घातलं, कधी दोघांचं पूर्ण, कधी एकट्याचंच, कधी फोनवरचं अर्धं, म्हणजे फक्त एका बाजूचं. तर सगळ्यात जास्त चुका झाल्या त्या अर्धं बोलणं ऐकताना. पूर्ण संवाद चालू असताना लोक आपलं काम नीट करत होते. कारण आपलं डोकं कायम पुढचं वाक्य काय येणार ह्याचा अंदाज बांधत असतं, आणि अर्धंच ऐकू आलं की ते राहिलेलं अर्धं भरत बसतं, आपण नको म्हटलं तरी.

आता ह्या हिशेबानं बघा, स्पीकरवाला माणूस तर आपल्यावर उपकारच करतोय की! दोन्ही बाजू ऐकवतोय. कोडं सोडवायचे कष्ट नाहीत. मग मला कानाला फोन लावून "हं... हं... मग?... अगं बाई!" करणारीपेक्षा स्पीकरवालीचा जास्त राग का यायचा? एक कारण तर साधं, तो आवाजच मुळात वाईट असतो. जुन्या टेलिफोनच्या जमान्यापासून फोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्टीत कापून पाठवतात, खालची ऊब जाते, वरची धार जाते, उरतो तो टिनाच्या डब्यातला माणूस. हल्लीच्या फोरजी कॉलला पट्टी मोठी मिळते, पण तोंडाशी असतो शेवटी नखाएवढा स्पीकर, तो फुल्ल केला की चिरकतो. पण हे काही खरं कारण नव्हे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्या गाडीत आम्हाला काडीचा त्रास झाला नव्हता. खरं सांगायचं तर आम्हाला पुढचं ऐकायचंच होतं. वाईट झालं ते तिकडच्या पोरीचं, जिनं आधी विचारून घेतलं होतं.

आणि त्या आईला तरी काय बोलायचं. ती खोटं बोलली नाही. तिच्या ओळखीचं कुणी गाडीत नव्हतं, म्हणजे एकटीच. घरात जाऊ-नणंद नाही, म्हणजे एकटीच. तिच्या एकटेपणाच्या हिशेबात आम्ही मोजलेलोच नव्हतो.

मला आमचा पीपी नंबर आठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी स्वतःचा फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढं 'पीपी' लिहायचे, लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर, सगळीकडं. आमच्या गल्लीत एकाच घरात फोन, त्यावर क्रोशाचं झाकण, शेजारी पैसे टाकायचा डबा. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा इचलकरंजीत मागावर, आठवडाभर तिकडंच राहायचे, सुट्टीला घरी. मधल्या दिवसात कधी फोन आला की ते शेजारचे काका खिडकीतनं हाक मारायचे, आई हात पुसत पळायची आणि मागं मी. त्या सोप्यात काका, काकू, त्यांची सासू, शिकवणीला आलेली पोरं, सगळी बसलेली. रिसीव्हर कानालाच असायचा, पण आबांचा आवाज एवढा की स्पीकरची गरजच नव्हती. पण आईला माहीत होतं की माणसं बसलीत आणि आबांनाही तिकडं पक्कं माहीत होतं, त्यामुळं त्यांची एक भाषाच ठरलेली. "तिकडं पाऊस पडला काय?" म्हणजे पगार झाला काय. "भुरभुर पडला" म्हणजे उचल मिळाली, पगार नाही. काकूंच्या सासूबाई एकदा ऐन मे महिन्यात म्हणाल्या, "इचलकरंजीला लईच पाऊस की ग!" आई हसू दाबत घरी आली ती संध्याकाळपर्यंत हसत होती.

नंतर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, काचेचा दरवाजा, आत उकाडा, डोक्यावर लाल आकडे पळतायत, बाहेर रांग. तिथंही बाहेरच्याला ऐकू जायचंच. मग मोबाईल आला तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, २००३ च्या मे महिन्यात ते बंद झाले, आणि मिस कॉलची जी काय शास्त्रं तयार झाली ती वेगळीच. म्हणजे सांगायचा मुद्दा, आपल्याकडं फोन असा खाजगी कधी नव्हताच हो. फोन हा गल्लीत, सोप्यात, रांगेत बोलायचा प्रकार. पण तेव्हा तिकडच्या माणसाला ठाऊक असायचं की आपण भर सोप्यात बोलतोय. तो तसं बोलायचा. आता तिकडच्याला वाटतं मी एका कानाशी बोलतोय, आणि इकडं हातकणंगले-कोल्हापूर बस बसलेली असते.

हे मी एवढं शहाणपणानं लिहितेय पण मी स्वतः काय केलंय ते पण सांगायला पाहिजे. तीनेक वर्षांपूर्वी मार्च एंडिंग, ऑफिसात दोन्ही हात कीबोर्डवर, मैत्रिणीचा फोन आला. शाळेपासूनची मैत्रीण. मी उचलला, स्पीकरवर टाकला, "बोल ग" म्हटलं आणि टाईप करत राहिले. ती नेहमीसारखं सुरू झाली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला म्हणाली की नवऱ्याची नोकरी गेलीय, दोन महिने झाले, घरात सासऱ्यांनासुद्धा सांगितलेलं नाही, रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. मी झटक्यात फोन उचलला, पण उशीर झालेला. शेजारच्या टेबलावरच्या बाई तिच्या नवऱ्याच्या नात्यातल्या निघाल्या, मला काय स्वप्न पडलं होतं? आठवड्यात तिच्या सासऱ्यांपर्यंत पोचलं. तिनं मला एकच विचारलं, "तू स्पीकरवर ठेवलं होतंस?" मी हो म्हटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. आता फोन करते, दिवाळीला, वाढदिवसाला, पण पहिलं वाक्य असतं, "कुठं आहेस?" आणि माझं उत्तर काहीही असलं तरी बोलणं हवापाण्यावरच राहतं. आमच्याकडंही आता नुसता पाऊस.

नियम-बियम आहेत तसे. मुंबईच्या बेस्टनं २०२३ च्या एप्रिलमध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाईलवर आवाज लावायला बंदी केली. शेजारी कर्नाटकात तर त्याआधीच, २०२१ ला, कोर्टाच्या सांगण्यावरून त्यांच्या एसटीत स्पीकरवर गाणी-व्हिडिओ बंद केले. रेल्वेत रात्री दहानंतर मोठ्यानं फोनवर बोलायचं नाही. मी एकदा आमच्या कंडक्टरला म्हटलं, जरा सांगा की त्यांना. तो म्हणाला, "ताई, सुट्टे पैसे मागितले तरी लोक अंगावर येत्यात, स्पीकर कुठं बंद करायला सांगू." बरोबरच आहे त्याचं. आणि तो पण पाठीमागं टेकून स्पीकरवरच बोलत असतो म्हणा.

शिवाय बोलणारा प्रत्येकजण काही बेफिकीर नसतो, हे मला आबांमुळं कळलं. तीस-बत्तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. तुम्ही कधी इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये शिरला असाल तर माहीत असेल, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, बोलायचं ते हातवाऱ्यानं नाहीतर ओठ बघून. आपल्याकडं कारखान्यात आठ तासाला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती खटखट त्याच्या वरच, पाळी बारा तासांची. कानात बोळे घालायचं कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी कुणी घातलं नसतं. अशा आवाजानं कान जातो तो एकदम सगळा जात नाही, आधी वरच्या पट्टीतला जातो, ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. स, श, फ, थ गळून पडतात. 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. आबा म्हणतात, "ऐकू येतंय रं सगळं, तुम्ही तोंडात बोलताय." आता असा माणूस फोन एका कानाला लावून काय करणार? स्पीकरवर टाकला की दोन्ही कान कामाला लागतात, त्यात फोन हातात धरला की नाव दिसतं, व्हिडिओ असेल तर ओठ दिसतात. ओठ बघायची सवय तर जुनीच.

त्यात आणखी एक, ज्याला कमी ऐकू येतं तो स्वतः जोरात बोलतो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये लिहून ठेवलंय, पण ते आमच्या रोजच्या गाडीत बसला असता तर त्याला एका फेरीत कळलं असतं. संध्याकाळी पाळी सुटून येणारी माणसं, गोंगाट मागं राहिलाय पण आवाज अजून उतरलेला नाही. आणि आम्ही ऑफिसवाल्या तोंड वाकडं करून म्हणणार, "काय मॅनर्स म्हणून नाहीत." फोनच्या डब्यात पूर्वी इअरफोन फुकट यायचा तो पण कंपन्यांनी हळूहळू काढून घेतला. आबांना मी मशीन आणून दिलं कानाचं, ते कपाटात आहे, शिट्टी वाजते म्हणतात. दुसरं चांगलं आणायचं तर एका कानाचे जेवढे सांगितले तेवढ्यात माझी स्कूटी आली असती, ते अजून बोलण्यावरच आहे.

त्या हेर्ल्याच्या म्हातारीनंतर मी घरी येऊन आबांना सगळं सांगितलं, ओठ दिसतील असं समोर बसून. मैत्रिणीचं पण सांगितलं. म्हटलं, स्पीकर लावा, माझं काही म्हणणं नाही, फक्त फोन उचलला की समोरच्याला आधी सांगायचं. आबा विचार करून म्हणाले, "पीपीवानी?" म्हटलं, हां, पीपीसारखंच.

तेव्हापासून त्यांनी ते असं मनावर घेतलंय की विचारू नका. फोन उचलला की हॅलो नाही, रामराम नाही, थेट, "स्पीकरवर हैस, जपून बोल." बँकेतनं कुणा पोरीचा लोनसाठी फोन आला तर तिलाही. गॅसवाल्यालाही. रंकाळ्यावर संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले असतात तेव्हा तर हजेरीच घेतात, "स्पीकरवर हैस बघ, हितं आम्ही पाचजण हाय, शिवाय लेक आलीया माझी, आन शेजारी एक भेळ खाणारं जोडपं हाय, ते वळखीचं न्हाई." तिकडचा माणूस आधी गोंधळतो, मग त्या पाचांनाही रामराम घालतो, जोडपं तेवढं उठून जातं.

मागच्या रविवारी मी त्यांना न्यायला गेले होते. ऊन उतरलेलं, पाण्यावर वारा. तेवढ्यात आत्याचा फोन, गारगोटीकडनं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, फोन केला की अर्धा तास हलत नाही, जनावरं, भात, पोरांची लग्नं, सगळं. आबांनी तळहातावर फोन धरला आणि म्हणाले, "आक्का, स्पीकरवर हैस, जपून बोल, मंडळी बसल्यात."

तिकडं एकदम शांत. वाऱ्याचाच आवाज आला जरा. मग आत्या म्हणाली, "न्हाई, काय न्हाई. बरं हैस न्हवं? ठेवतो मग." आणि ठेवला.

आबा फोनकडं बघत बसले. कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "काय झालं, कट झाला काय?" आबा काही बोलले नाहीत. उठले, चप्पल शोधली, आणि कट्ट्यापासून लांब, पार तिकडं झाडाखाली गेले, पाठ आमच्याकडं. फोन लावला, डाव्या कानाला दाबून धरला, उजव्या कानात बोट घातलं.

आणि मग अख्ख्या रंकाळ्याला ऐकू येईल असं, "आता एकटाच हाय, बोल... काय?... कोण?... डॉक्टर काय म्हणाला?... आत काय?... सात? सात काय, आक्का?"

कट्ट्यावरचे पाचही जण गप्प झाले.